युक्रेन युद्ध: रशियाच्या सैन्याचा दम मोजायचा कशाने?

टेहळणी
युद्धाला साडेतीन वर्षं उलटली तरी एका प्रश्नावर आपलं घोडं अडलेलंच आहे, म्हणून वेगळा धागा काढतोय. मार्च २०२२ मध्ये कीव्हच्या उत्तरेला रशियन गाड्यांची साठेक किलोमीटरची रांग अडकून पडली, तेव्हा सगळ्यांचा एकच सूर होता: बडा घर, पोकळ वासा. त्याच सप्टेंबरमध्ये खार्किव्ह प्रांतातलं बालाक्लिया, इझ्यूम, कुप्यान्स्क आठवड्याभरात रशियाच्या हातचं गेलं, तेव्हा तर 'आता महिना-दोन महिन्यांत कोसळतंय' असं लिहिलं गेलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये युक्रेनचं आव्दीव्का पडलं आणि तेच लोक 'आता रशियाला कोण अडवणार' म्हणायला लागले. ऑगस्ट २०२४ मध्ये युक्रेनियन फौज रशियाच्या कुर्स्क प्रांतात शिरली, पुन्हा वारं फिरलं.

दर सहा महिन्यांनी निकाल बदलत असेल तर आपली मोजपट्टीच चुकतेय. माझं मत असं, की जळालेले रणगाडे आणि नकाशावर बदललेला रंग या दोन्हींवरून सैन्याची ताकद कळत नाही. गेलेली माणसं आणि सामान किती वेळात भरून निघतं, आणि एकदा मार खाल्ल्यावर पुढच्या वेळी तसाच मार खातात का, हे दोन प्रश्न विचारले तर चित्र बरंच स्थिर दिसतं. तुम्ही कशाकडे बघता? फक्त 'अमुक जिंकणार, तमुक हरणार' एवढंच लिहू नका, कशावरून ते सांगा.

कोरा_कागद
वाचतोय. हा धागा हवाच होता.

रोखठोक
असहमत. उगाच गुंतागुंत करताय. सैन्य दिलेलं काम करतं की नाही, एवढी एकच मोजपट्टी पुरते. काम काय होतं? कीव्ह घ्या, सरकार बदला. २४ फेब्रुवारी २०२२ ला कीव्हजवळच्या होस्तोमेलच्या विमानतळावर हेलिकॉप्टरमधून छत्रीधारी सैनिक उतरवले, पण धावपट्टी वापरून मागची कुमक उतरवता आली नाही, आणि एप्रिल उजाडेपर्यंत कीव्ह, चेर्निहिव्ह, सुमी सगळीकडून माघार. खार्किव्ह शहर रशियाच्या सीमेपासून जेमतेम तीस-चाळीस किलोमीटर, तेही आजपर्यंत घेता आलेलं नाही. महासत्ता म्हणवणाऱ्या सैन्याचा हा हिशेब आहे. भरपाई आणि शिकणं वगैरे त्यानंतरच्या गोष्टी.

सुमेधा_वाचते
@रोखठोक, काम फसलं हे खरंच, पण काम चुकीचं दिलं होतं की सैन्य कमकुवत होतं, हे वेगळं काढायला नको का? सुमारे दीड ते पावणेदोन लाख लोक घेऊन युरोपातल्या क्षेत्रफळाने एवढ्या मोठ्या देशात चहूबाजूंनी शिरायचं, आणि समोरचा लढणारच नाही असं गृहीत धरायचं. त्या रांगांमध्ये रोसग्वार्दियाचे, म्हणजे रशियाच्या अंतर्गत सुरक्षा दलाचे, दंगल आवरणारे पोलीस होते, काही ठिकाणी तर पुढेच होते. म्हणजे योजना लढाईची नव्हती, शहराचा ताबा घेऊन बंदोबस्त ठेवण्याची होती. जगातलं कुठलंही सैन्य या योजनेत तोंडावर आपटलं असतं.

आता खरी सैनिकी कमजोरी कुठे दिसली ते सांगते. त्यांची बटालियन टॅक्टिकल ग्रुप नावाची रचना होती, सहाशे ते आठशे माणसांची. रणगाडे, तोफा, विमानविरोधी क्षेपणास्त्रं सगळं त्यात, पण पायदळ दोनेकशेच. सक्तीच्या भरतीतली पोरं युद्धावर पाठवायची नाहीत असं धोरण असल्यामुळे तेही पूर्ण भरलेलं नसायचं. जंगल, गाव, शहर यांतून रणगाडा चालवायचा तर आजूबाजूला पायी चालणारी माणसं लागतात. ती नव्हती, म्हणून खांद्यावर जॅव्हलिन हे रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र घेतलेली दोन-तीन माणसं रस्त्याकडेला बसून अख्खा ताफा अडवू शकली. हा दोष कागदावर आधीपासून दिसत होता, कुणी पाहिला नाही.

मालगाडी
सुमेधाताईंशी सहमत. माझी सगळी नोकरी लष्कराच्या पुरवठ्यात गेली, तेव्हा माझी नजर आधी गोदामावर आणि ट्रकवर जाते.

रशियाचं सैन्य रेल्वेवर जगतं. रूळ जिथे संपतात तिथून पुढे त्यांचा दम झपाट्याने कमी होतो. कीव्हच्या उत्तरेला तेच झालं. पूर्वेला दोनबासमध्ये रूळ पाठीशी होते, म्हणून तिथे २०२२ च्या उन्हाळ्यात तोफखान्याने त्यांनी अक्षरशः नांगरून काढलं. सैन्य तेच, जागा दुसरी.

आता जवळून बघा. १५२ मिलिमीटर तोफेचा एक गोळा सुमारे त्रेचाळीस किलोचा. रशियन पद्धतीत तो लाकडी खोक्यात येतो आणि खोकी वॅगनमधून ट्रकमध्ये, ट्रकमधून जमिनीवर बहुतेक वेळा माणसं हातानेच चढवतात-उतरवतात. पश्चिमेकडे पॅलेटवर रचून यंत्राने उचलतात, तशी सोय त्यांच्याकडे फारशी नव्हती. त्यामुळे सगळा साठा रेल्वे स्टेशनाजवळ मोठ्या डेपोत ठेवायचा आणि तिथून फेऱ्या मारायच्या. जून २०२२ मध्ये युक्रेनकडे हायमार्स ही अमेरिकन रॉकेट यंत्रणा आली, ऐंशीएक किलोमीटरपर्यंत मारा करणारी. डेपो एकामागोमाग एक उडायला लागले. रशियाने डेपो मागे नेले. मग काय होतं? अंतर दुप्पट झालं की त्याच ट्रकच्या फेऱ्या निम्म्या होतात. आघाडीवर पोहोचणारे गोळे कमी. एकही तोफ न जाता तोफखाना अर्धा झाला. जळालेल्या रणगाड्यांच्या यादीत हे कुठेच दिसत नाही.

पश्चिमवारा
मालगाडीकाका, अजून लिहा हो. ते २०२२ च्या मार्चमधले टायरचे फोटो आठवतात का? चिखलात रुतलेली पान्त्सिर ही विमानविरोधी क्षेपणास्त्रांची गाडी, टायर फाटून लोंबणारा. त्यावरून पुष्कळ लोकांनी सगळं सैन्य निकालात काढलं होतं.

मालगाडी
@पश्चिमवारा, आठवतात. गाडी महिनोन्महिने एका जागी उन्हात उभी ठेवली, हलवली नाही, हवा तपासली नाही की टायरच्या कडा चिरतात. नंतर चिखलातून हवा कमी करून चालवली की फाटतात. देखभालीच्या वहीत सह्या होत्या आणि काम झालेलं नव्हतं, एवढं त्यावरून नक्की म्हणता येतं. पण एका टायरवरून सैन्याचा निकाल लावू नये. त्याच काळात दक्षिणेत तेच सैन्य क्रिमियातून निघून आठवड्याभरात खेर्सोनमध्ये पोहोचलं होतं.

आकडेमोड
माणसांच्या नुकसानीवर कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. इथे आकड्यांचा नुसता धुरळा आहे. रशियाने सप्टेंबर २०२२ मध्ये ५,९३७ मृत असं सांगितलं, त्यानंतर एकूण आकडा अधिकृतपणे दिलाच नाही. युक्रेनचं जनरल स्टाफ रोज रशियाच्या मृत-जखमींचा आकडा देतं, तो शत्रूचा दावा म्हणूनच वाचायचा. झेलेन्स्कींनी आपल्या बाजूचे ३१,००० मृत असं फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितलं, डिसेंबर २०२४ मध्ये ४३,०००. बेपत्ता माणसं यात किती धरली, हा प्रश्न उरतोच.

मला सगळ्यात भरवशाची वाटते ती मीडियाझोना या स्वतंत्र रशियन वृत्तसंस्थेची आणि बीबीसीची पद्धत. गावच्या वर्तमानपत्रातली श्रद्धांजली, समाजमाध्यमांवर घरच्यांनी लिहिलेलं, स्मशानातल्या नव्या कबरी, असं एक-एक नाव पडताळून यादी करायची. २०२५ च्या पूर्वार्धात ती यादी एक लाख नावांच्या पुढे गेली. ही किमान संख्या, कारण प्रत्येकाची बातमी येत नाही. म्हणून मीडियाझोनाने आणि मेदुझा या दुसऱ्या स्वतंत्र रशियन वृत्तसंस्थेने आणखी एक वाट काढली: वारसा हक्काच्या नोंदी. तरुण पुरुषांच्या नावे उघडलेली वारसाची प्रकरणं नेहमीपेक्षा किती वाढली, ते मोजायचं. त्यावरून मे २०२३ अखेरपर्यंत सुमारे ४७,००० मृत असा अंदाज निघाला होता. माणूस कागदोपत्री लपवता येतो, पण त्याच्या बायकोला घर नावावर करून घ्यावंच लागतं.

बखरकार
पानिपतानंतरचं ते सांकेतिक पत्र आठवलं. दोन मोत्यं गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाही. भाऊसाहेब आणि विश्वासराव मोत्यांत, सरदार मोहरांत, आणि साधा शिपाई खुर्द्यात. अडीचशे वर्षांनंतरही तेच चाललंय. कुठला जनरल मेला ते दोन दिवसांत कळतं, डोंगराळ बुर्यातियातून आलेला शिपाई मोजायला वारसाच्या नोंदी चाळाव्या लागतात.

कोरा_कागद
पानिपत आलं! आता धागा शंभरी गाठणार. :)

बखरकार
@कोरा_कागद, गाठू दे की. पानिपतालाही आधी रसद तुटली होती, मालगाडीकाकांच्याच मुद्द्यावर येतोय आपण.

रोखठोक
आकडेमोड यांचा प्रतिसाद उत्तम. पण त्यातून माझंच म्हणणं सिद्ध होतं. एक लाखाहून जास्त नावं, आणि बदल्यात काय? बाख्मुतसाठी दहा महिने. वाग्नेर या भाडोत्री फौजेचा मालक प्रिगोझिन, त्याने स्वतःच सांगितलं की वाग्नेरची वीस हजार माणसं तिथे मेली. त्यातले बरेचसे तुरुंगातून उचललेले. सत्तर हजार वस्तीचं शहर, ते मिळालं तेव्हा नुसता राडारोडा. महिन्याभरात तोच प्रिगोझिन रोस्तोवमध्ये लष्करी मुख्यालयात शिरून बसला आणि त्याची माणसं मॉस्कोच्या दिशेने निघाली. हे बलवान सैन्याचं लक्षण?

टेहळणी
@रोखठोक, बाख्मुतचा दुसरा अर्धा भाग तुम्ही सोडलात. वाग्नेर तिथे झुंजत असताना दक्षिणेत झापोरिझ्झियात जनरल सुरोविकिनच्या नावाने ओळखली जाणारी तटबंदी बांधली जात होती. टँकविरोधी खंदक, काँक्रीटचे 'दात', आणि किलोमीटर-किलोमीटर खोल सुरुंगपट्टे. जून २०२३ मध्ये युक्रेनने ब्रॅडली चिलखती गाड्या आणि लेपर्ड रणगाडे घेऊन चढाई केली, ती रोबोतिन गावाच्या पुढे फारशी सरकली नाही. कीव्हला फजिती झालेलं सैन्य पंधरा महिन्यांत इतका चिवट बचाव करू शकलं. शिकणं म्हणतो ते हेच.

सुमेधा_वाचते
टेहळणीराव, त्यात समोरच्याचाही वाटा आहे. युक्रेनकडे हवाई संरक्षणाची ढाल पुढे नेण्याइतकी नव्हती, सुरुंग काढायची यंत्रं तुटपुंजी, आणि नव्या ब्रिगेड काही महिन्यांच्या प्रशिक्षणावर उतरवलेल्या. ताकद ही नेहमी समोरच्याच्या मानानेच असते. जानेवारी २०२३ मध्ये रशियाचे जनरल गेरासिमोव्ह यांच्याकडे युद्धाची थेट सूत्रं गेली, त्या वर्षभर रशियाच्या चढाया काही फार सफाईदार नव्हत्या. तरी २०२४ मध्ये ते पुढे सरकले, कारण अमेरिकेची मदत सहा महिने अडकली होती आणि युक्रेनच्या खंदकात माणूस नव्हता. भरतीचं वय सत्तावीसवरून पंचवीस करायला एप्रिल २०२४ उजाडला. रशियाचं यश मोजताना युक्रेनचा थकवा वजा करावा लागतो, आणि रशियाची पीछेहाट मोजताना युक्रेनचं कसब.

दर्यावर्दी
जमिनीवरच बोलताय सगळे, जरा समुद्रावर या. ज्या देशाकडे नावाला नौदल उरलं होतं त्याने १४ एप्रिल २०२२ ला काळ्या समुद्रातली प्रमुख युद्धनौका मॉस्क्वा बुडवली. जूनअखेर रशियाने स्नेक बेट सोडलं. सप्टेंबर २०२३ मध्ये सेवास्तोपोलला गोदीत उभी असलेली पाणबुडी आणि उतरण जहाज क्षेपणास्त्रांनी निकामी केलं, नऊ दिवसांत आरमाराच्या मुख्यालयावरच मारा. मग बिनमाणसांच्या स्फोटक होड्या. शेवटी बरीचशी जहाजं नोव्होरोसिस्कला हलवावी लागली. धान्य करार जुलै २०२३ मध्ये रशियाने मोडला, तरी युक्रेनने किनाऱ्याकडेने स्वतःचा मार्ग काढून धान्य बाहेर काढलं. ही पीछेहाट निखळ आहे, भरून निघालेली नाही. बॉस्फरसची वाट तुर्कस्तानने युद्धनौकांना बंद ठेवल्यामुळे बाहेरून बदली जहाज आणताही येत नाही.

म्हणजे टेहळणी यांच्याच पट्टीने मोजलं तर समुद्रावर रशिया नापास, दोनबासमध्ये पास. एका सैन्याला एकच गुण द्यायचा हट्ट सोडा.

टेहळणी
@दर्यावर्दी, हे अगदी मान्य. आणि तरीही समुद्रावरच्या या सगळ्या यशाने दोनबासमधल्या पोक्रोव्स्कच्या खंदकात बसलेल्या माणसाला काही फरक पडला नाही, ही या युद्धाची विचित्र गोष्ट.

जुनी_पाने
इतिहासातली दोन उदाहरणं ठेवतो. नोव्हेंबर १९३९ मध्ये सोव्हिएत सैन्य फिनलंडमध्ये घुसलं. सुओमुस्सल्मीच्या जंगलात स्कीवरच्या फिनिश तुकड्यांनी त्यांच्या लांबलचक ताफ्यांचे तुकडे पाडून एक-एक संपवला. जगाने निष्कर्ष काढला, लाल सेना कुचकामी. फेब्रुवारी १९४० मध्ये तिमोशेन्कोच्या हाताखाली तीच सेना नव्याने रचून मॅनरहाइम रेषेवर, म्हणजे फिनलंडच्या तटबंदीवर, आली, रेषा फोडली आणि मार्चमध्ये फिनलंडला तह करून जमीन द्यावी लागली. बर्लिनमध्ये लोकांनी डिसेंबरचं पाहिलं, फेब्रुवारीचं नाही.

दुसरं, ऑगस्ट १९४१. जर्मन लष्कराच्या जनरल स्टाफचा प्रमुख हाल्डर रोजनिशीत लिहितो, की आपण शत्रूच्या दोनशे डिव्हिजन धरल्या होत्या, आत्तापर्यंत तीनशे साठ मोजून झाल्या. डझनभर मोडल्या की रशियन आणखी डझनभर उभ्या करतात. जिंकत असतानाची ही नोंद आहे. नुकसान मोजता आलं, भरपाई मोजता आली नाही.

रोखठोक
@जुनी_पाने, हा दाखला दरवेळी येतो आणि दरवेळी अर्धवट येतो. त्या लाल सेनेत लाखो युक्रेनियन होते. आज ते समोरच्या खंदकात आहेत. तेव्हा अमेरिकन ट्रक, डबाबंद मांस, विमानाचं इंधन रशियाला मिळत होतं, आज अमेरिकन शस्त्रं दुसऱ्या बाजूला आहेत. आणि तेव्हा घरावर चालून आलेल्या शत्रूशी लढाई होती. रशियन सैन्य १९१७ मध्येही होतंच की, मागून कोसळलं. इतिहासातून हवं ते वर्ष निवडता येतं.

जुनी_पाने
ट्रक आणि युक्रेनियन सैनिकांचा मुद्दा बिनतोड, मानलं. माझं म्हणणं एवढंच, की डिसेंबर पाहून फेब्रुवारीचा अंदाज बांधू नये.

खंदक_ते_खंदक
आत्ताची आघाडी कशी आहे त्यावर कुणीतरी लिहायला हवं, नाहीतर आपण २०२२ च्या सैन्यावरच बोलत बसू.

आज दोन्ही बाजूंच्या खंदकांपासून पंधरा-वीस किलोमीटर मागेपर्यंत उजेडात गाडी चालवणं म्हणजे जिवाशी खेळ. डोक्यावर सतत ड्रोन. रस्त्यांवर खांब रोवून दोन्ही बाजूंना आणि वरून जाळी ताणलेली असते, मासेमारीच्या जाळ्यासुद्धा वापरतात, कारण छोटं ड्रोन त्यात अडकतं. सिग्नल जॅम करता येतो म्हणून रशियाने काचतंतूच्या (फायबर ऑप्टिक) रिळावर चालणारी ड्रोनं मोठ्या प्रमाणावर आणली. ड्रोन उडताना मागे दहा-वीस किलोमीटर तार सोडत जातं. आता काही शेतांवर या तारांचा थर पडलाय, सकाळच्या उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखा चमकतो. हल्लाही बदलला. रणगाड्यांचा ताफा नाही, दोन-तीन माणसं पायी किंवा मोटारसायकलवर, झाडीच्या पट्ट्यातून.

कुर्स्कमध्ये याचा परिणाम दिसला. युक्रेनच्या फौजेला सुमीहून सुद्झाला जाणारा एकच धड रस्ता होता. रशियाची रुबिकॉन नावाची ड्रोन तुकडी तिथे आणली गेली, आणि तिने खंदकांपेक्षा आधी रस्त्यावरच्या गाड्या आणि युक्रेनचे ड्रोनचालक टिपायला सुरुवात केली. उत्तर कोरियाची माणसं होतीच. मार्च २०२५ मध्ये सुद्झा गेलं. त्यात वायूच्या रिकाम्या नळातून रांगत आलेली रशियन तुकडीही होती. याच्या जोडीला ग्लाइड बॉम्ब धरा. सोव्हिएत काळचा पाचशे किलोचा साधा बॉम्ब, त्याला पंख आणि दिशादर्शक जोडायचा, विमानाने आघाडीच्या मागे सुरक्षित राहून सोडायचा. आव्दीव्का मुख्यतः याच बॉम्बनी मोडलं. २०२२ मध्ये आकाशावर ताबा मिळवता न आलेल्या हवाई दलाने ही पळवाट शोधली.

पश्चिमवारा
जबरदस्त प्रतिसाद. पण हे शिकणं खालच्या पातळीवरचं नाही का? वर काय चाललंय? ५८ व्या सेनेचे जनरल पोपोव्ह जुलै २०२३ मध्ये म्हणाले, की आमच्या माणसांना विश्रांती नाही, शत्रूच्या तोफा शोधायची साधनं नाहीत. त्यांना काढून टाकलं. मागाहून आर्थिक गुन्ह्यात पाच वर्षांची शिक्षा झाली. आरोप खरा की खोटा हा वेगळा विषय, पण त्यानंतर वरिष्ठांना खरी परिस्थिती सांगायला कोण धजावेल? जे सैन्य वाईट बातमी वर जाऊ देत नाही, ते तंत्र शिकेल, डावपेच शिकेल, पण आपलीच योजना चुकलीय हे त्याला कळणार नाही.

सुमेधा_वाचते
@पश्चिमवारा, +१. २०२२ च्या फेब्रुवारीतलं मूळ दुखणं हेच होतं. आणि ते बरं झाल्याचं मला तरी कुठे दिसत नाही.

आकडेमोड
मूळ प्रश्नाकडे येतो: 'भरपाई किती वेळात?' याला आता थोडंफार उत्तर देता येतं. रशियाचे माजी राष्ट्राध्यक्ष मेदवेदेव यांनी सांगितलं की २०२४ मध्ये सुमारे साडेचार लाख लोकांनी करार केले. युक्रेनचे सेनापती सिर्स्की यांचा दावा, की त्याच वर्षी रशियाचे मृत आणि जखमी मिळून ४ लाख ३४ हजार. दोन्ही आकडे आपापल्या सोयीचे आहेत, आणि जखमींतले बरेच जण परत येतात. तरी दोन्ही दावे शेजारी ठेवले तर दिसतं ते असं, की येणारी माणसं आणि जाणारी माणसं एकमेकांच्या जवळपास आहेत. सैन्य आटत नाही, पण मोठी राखीव फौज उभी करून दुसरीकडे नवी आघाडी उघडावी एवढं शिल्लकही राहत नाही. म्हणून रोज थोडं-थोडं सरकणं चालू राहतं आणि सप्टेंबर २०२२ सारखी मोठी फट कुठे पडत नाही.

आणि या भरतीची किंमत बघा. जुलै २०२४ मध्ये मॉस्को शहराने करारावर सही करणाऱ्याला १९ लाख रूबल द्यायचं ठरवलं, केंद्राने आपली रक्कम वाढवून ४ लाख केली. लोक हौसेने येत असते तर रक्कम वाढवावी लागली नसती. २०२५ च्या अर्थसंकल्पात संरक्षणावर १३.५ लाख कोटी रूबल, म्हणजे सरकारच्या एकूण खर्चाचा जवळपास तिसरा हिस्सा. मध्यवर्ती बँकेचा व्याजदर ऑक्टोबर २०२४ मध्ये २१ टक्क्यांवर गेला होता. सैन्याचा दम मला याच आकड्यांत दिसतो, नकाशात नाही.

मालगाडी
आकडेमोड यांना माझी जोड: माणसं पैशाने येतात, सोव्हिएत काळचे रणगाडे पैशाने येत नाहीत. ती गोदामं एकदाच भरली होती. अर्सेन्येव्हच्या तळावरून टी-५४/५५ हे जुने रणगाडे बाहेर काढले गेले ते मार्च २०२३ मध्ये. उघड्यावर उभ्या असलेल्या गाड्यांच्या रांगा उपग्रहाच्या फोटोंत वर्षागणिक विरळ होताना दिसतात. जे उरलेत त्यांत इंजिन नसलेले, गंजलेले सांगाडे बरेच. तोफांचंही तसंच. हजारो गोळे झाडले की नळी झिजते, नेम फाकतो, मग जुन्या तोफांच्या नळ्या काढून नव्या-जुन्यावर बसवतात. हल्ल्याला मोटारसायकली आल्या त्यात डावपेच आहेच, पण चिलखती गाडी जपून वापरायची वेळ आलीय हेही आहे.

रोखठोक
मालगाडीकाका, म्हणजे शेवटी कमजोरच ना?

मालगाडी
नाही. चढाईसाठी हलकं झालंय, बचावासाठी अजून जड आहे. सुरुंग, ड्रोन आणि खंदक यांना रणगाडा लागत नाही. युक्रेनला उद्या मोठी चढाई करायची झाली तर समोर २०२३ पेक्षा सोपं काही नसेल.

रोखठोक
हे पटलं. 'कमजोर' शब्द एकटा वापरणार नाही, 'कशासाठी' ते जोडीन. कीव्हबद्दलचं माझं मत मात्र तिथेच.

खंदक_ते_खंदक
एक गोष्ट यादीत घाला, टेहळणीराव: फिरती बदली. सप्टेंबर २०२२ मध्ये सक्तीने उचललेले तीन लाख लोक आठवतात? त्यांच्या करारांना मुदत नाही, फर्मान मागे घेतलं जाईपर्यंत ते सैन्यातच. बायकांनी मॉस्कोत पांढरे रुमाल बांधून क्रेमलिनजवळ फुलं वाहिली, तरी त्यांना सोडलं नाही. इतकी नवी भरती होत असताना जुन्यांना घरी पाठवता येत नसेल, तर ज्या दिवशी त्यांना पाठवायला सुरुवात होईल त्या दिवशी रशियाकडे खरोखर शिल्लक माणूस आहे असं मी समजेन. युक्रेनलाही हेच लागू. तिथेही २०२४ च्या भरती कायद्यातून छत्तीस महिन्यांनंतर सैन्यातून मोकळं करण्याचं कलम शेवटच्या क्षणी वगळलं गेलं.

टेहळणी
घातलं. डेपोचं आघाडीपासूनचं अंतर, करारावर सहीचे पैसे, तोफेची नळी आणि आता ही फिरती बदली. दर्यावर्दी, समुद्रासाठी अशी एखादी खूण सुचते का? नोव्होरोसिस्कहून किती जहाजं बाहेर पडतात, हे मोजता येईल का?

दर्यावर्दी
येईल. उपग्रहाच्या फोटोंत धक्क्याला लागलेली जहाजं सरळ मोजता येतात. कालिब्र क्षेपणास्त्रं सोडणारी जहाजं धक्क्यावरून दिसेनाशी झाली की युक्रेनमध्ये त्या रात्री भोंगे वाजतात. उद्या सविस्तर लिहितो, आत्ता मोबाइलवरून टंकतोय.